तानुबाईचं बेट

यात तिखटमीठ काही लावलेलं नाही. विश्वास बसत नसेल तर नका ठेवू. सुलक्षणा कुणाची मनधरणी करणाऱ्यातली नाही.

गेल्या फेब्रुवारीतली अमावास्या. शिंदखेड्याकडचं तापीच्या पात्रातलं एक बेट. आणि वेळ रात्रीची नव्हे, टळटळीत दुपारची.

माझी मावसबहीण सुलक्षणा देवपूरला राहते. सौर प्रकल्प कुठे उभारावा, त्यानं त्या जमिनीचं काय होईल, याचा सल्ला ती कंपन्यांना देते. बेटावर डोळा असलेल्या कंपनीचे कुंदनसाहेब तिला म्हणाले, "मॅडम, यंदा तिथे कोणी पेरलेलं नाही. पडीक लिहा आणि मोकळ्या व्हा."

गावातल्या बाया दरवर्षी तिथे टरबूज लावायच्या. यंदा पाणी उशिरा उतरलं, म्हणून वाडी नव्हती. एकदा कागदावर पडीक लागलं की त्यांची वाडी कायमची गेली.

"बघितल्याशिवाय मी लिहीत नाही," सुलक्षणा म्हणाली.

नावाडी उखर्डू नानांनी होडी बेटाला लावली.

"ताई, पाय ठेवाना पहिले नाव सांगा, काम सांगा. बठ्ठी भुई तानुबाईनी शे."

"सगळी जमीन तिची? कोण ही तानुबाई?"

"टरबूज लावे. पूरमा वाही गई."

"नाना, मी मोजणीला आलेय, नवस फेडायला नाही."

ती तशीच उतरली. नाना होडीतच बसून राहिले.

तिने मोजणीची खुंटी ठोकली. थोडं चालून मागे वळली...

खुंटी आडवी.

पुन्हा ठोकली. पुन्हा वळली...

आडवी. आणि टोक स्वच्छ धुतलेलं.

वारा म्हणावा, तर पान हलत नव्हतं.

मग आवाज आला. घागर रिकामी होत असल्यासारखा... डुबुक, डुबुक...

झुडपांपलीकडून. ती तरातरा तिकडे गेली.

कोणीच नव्हतं.

टरबुजाची आळी होती. नीट ओळीत. पाणी नुकतंच मुरत होतं. सगळीकडे ओली वाळू, आणि पाऊल एकही नाही.

दुसरं कोणी असतं तर होडीकडे धावलं असतं. पण पोरगी हट्टी. पळाली नाही.

"मी सुलक्षणा," ती मोठ्यानं म्हणाली. "जमीन घ्यायला नाही आले. पडीक आहे का, ते बघायला आले."

आवाज थांबला...

आणि अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं, "मंग देख ना."

होडीत बसल्यावर तिने नानांना विचारलं, यंदा कोणी पेरलं?

"कोनीच नही, ताई." नानांनी तिच्याकडे बघितलं नाही.

अहवालात तिने लिहिलं, जमीन वापरात आहे. कुंदनसाहेब फोनवर तापले.

"कसतंय कोण? नाव द्या."

"तानुबाई. लिहून घ्या."

"मला भेटायचंय तिला."

"जा की. दुपारी असते."

त्यांनी फोन ठेवला. वापरातली जमीन म्हणजे भानगड. कंपनीने साक्रीकडचा माळ धरला आणि बेट वाचलं.

सुलक्षणा मात्र तापीचा पूल आला की अजून गाडीची काच वर करते. आपण खोटं लिहिलं की खरं, तिला ठरवता येत नाही.

खोटं म्हणावं, तर त्या दुपारी तिने एका आळ्यात बोट घालून पाहिलं होतं...

खाली बी होतं. कोंब फुटलेलं.