फाटकाआतली खुर्ची

ऑक्टोबरात डिंफ्नाचा भाऊ फिन्टन गेला, आणि आठवड्याभरात तिने त्याची स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून समोरच्या चर्चच्या फाटकाआत नेऊन ठेवली. छप्पर कधीच उडालेलं ते चर्च, गावाच्या तटाला पाठ लावून कैक शतकं उभं. त्याच्या आवारात थडगी, आणि फाटकाची किल्ली तीन पिढ्या डिंफ्नाच्याच घरच्या खिळ्यावर.

खुर्ची कशाला, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यात शेवटी पुरलेल्या मृताने फाटकाशी पहारा द्यायचा, पुढचा येईपर्यंत. एरवी महिना-दोन महिन्यांत सुटका होई. पण फिन्टनला त्याच्या टपालवाल्या कोटात पुरलं आणि नगरपालिकेने नव्या दफनांसाठी आवारच बंद केलं. हक्काची एकच जागा उरली, डिंफ्नाची. चाळीस वर्षं टपाल वाटून गुडघे झिजलेला माणूस तो, पावसात उभा राहणार तरी किती?

कबरी खणणारा मॉसी म्हणाला, "अगं, चहाची किटलीही नेऊन ठेव की."

हसला मेला. पण फाटकावरून जाताना टोपी काढलीच त्याने.

रोज सकाळी खुर्ची वळलेली असायची, तोंड तिच्या घराकडे. कुलूप जागच्या जागी. आधी तिला बरं वाटलं, बसतोय बिचारा. मग ती खिडकीचा पडदा ओढून भांडी घासू लागली. संध्याकाळी घरात ओल्या लोकरीचा वास येई, आणि समोरून कोणी गुडघे धरून उठल्यासारखं कण्हणं...

हिवाळा सरता सरता तिचा धीर सुटला. तिच्यामागून कोणी यायचंच नव्हतं, म्हणजे तिचा पहारा कायमचा. कॉर्क शहरातल्या भाचीने तिकडच्या नव्या दफनभूमीत जागा देऊ केली होती. डिंफ्नाने कागदावर सही केली आणि दिवस मावळायच्या आत फाटकाशी जाऊन सांगून टाकलं.

"फिन्टन... मला नाही जमणार रे. रागावू नकोस."

बुरुजावरचे कावळे तेवढे गप्प झाले.

सकाळी खाली येते तो फिन्टनची खुर्ची टेबलाशी, नेहमीच्या जागी. पायांना चिखल. सुटला गं बाई, म्हणत तिला रडूच फुटलं. तिने खुर्ची पुसली, चहा ओतला आणि बसायला वळली.

शेगडीजवळची तिची खुर्ची नव्हती.

किल्ली खिळ्यावरच होती. तिने पडदा सरकवला. बंद फाटकाच्या आत तिची खुर्ची होती, तिने विणलेल्या उशीसकट. आणि पाठीवर फिन्टनचा टपालवाला कोट, तिला पावसात लागेल म्हणून नीट पसरून ठेवलेला.