सतराव्या ओळीतली जिवनबाई

पुण्याच्या सर्व्हरवरून रोज सकाळी विहिरींची यादी यायची. गाव, खोली, पाणी. २००६ च्या मे महिन्यात हिंगोलीतल्या त्या दोन खोल्यांच्या कार्यालयात निताचं काम एवढंच होतं: यादी प्रोग्राममधून काढायची आणि कोरड्या विहिरींचं पत्रक पाचच्या आत टँकरवाल्यांकडे पाठवायचं. टँकर विहिरीतच रिकामा होत असे. त्यामुळे यादीत विहीर नाही, तर टँकर नाही.

गुरुवारी प्रोग्राम सतराव्या ओळीवर अडला.

निताने ओळ उघडली. प्रकार: व्यक्ती. नाव: जिवनबाई फुलसिंग. वय: ७१. खोली: ४० फूट. पाणी: शून्य.

विहिरी मोजणाऱ्यांची नावं ‘व्यक्ती’ म्हणून नोंदलेली असत, पण त्यांत ही बाई नव्हती. निताने यादी दोनदा नव्याने मागवली. तेच. तिने पुण्याला सर्व्हर सांभाळणाऱ्या शिलाला फोन लावला.

“अगं, प्रकार हाताने भरताच येत नाही. तो सर्व्हर ठरवतो,” शिला म्हणाली. “सोमवारी बघते.”

सतरावी ओळ कुरुंद्याजवळच्या एका तांड्याची होती; तिथे साठ घरं होती. सोमवार चार दिवसांवर. तिथली विहीर मोजणाऱ्या किसनसिंगला निताने फोनवर विचारलं.

“हाय की विहीर, ताई. चाळीस फूट. खाली खडक उघडा पडला. लेकरं दोन कोस जाऊन राहिलेत पाण्याला.”

“जिवनबाई कोण?”

“माजी माय. काहून?”

निताने सांगितलं. तो हसला. “दोघी बी जुन्याच हायत, ताई. मशीन चुकलं असंल.”

पावणेपाच वाजले. दुपारभर वीज ये-जा करत होती, डोळे चुरचुरत होते. निताने प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: व्यक्ती आली, तर ती विहीर धरावी. पत्रक गेलं. ‘तात्पुरतं’, असं तिने वहीत लिहून ठेवलं.

शनिवारी दुपारी किसनसिंगचा फोन आला.

“टँकर येऊन गेला, ताई.”

“विहिरीत ओतला ना?”

“ओतला. म्या सोता हुबा होतो. विहीर कोरडीच हाय. तळाला ओलबी न्हाई.”

“मुरलं असेल.”

“खडकात? धा हजार लिटर?” त्याचा आवाज खाली गेला. “अन् माय तवापासून पाण्याला शिवली न्हाई. तहानच न्हाई म्हनली. आता तर बोलूनबी न्हाई राहिली.”

“त्यांच्या कानाशी धरा फोन.”

काहीतरी सरसरलं.

“आजी?” निता म्हणाली.

खूप खालून निताचाच आवाज वर आला. “आजी?” थोडा ओला.

निताने फोन कानाशी धरूनच प्रोग्राममध्ये वाढवलेली आपली ओळ पुसली आणि यादी पुन्हा मागवली. आता सतराव्या ओळीवर अडायला हवं होतं.

अडलं नाही.

प्रकार: विहीर. खोली: ४० फूट. पाणी: ३१ फूट. वय दिसत नव्हतं.

फोन चालूच होता. पलीकडे घागरी एकमेकींवर आपटत होत्या. किसनसिंग कोणाला तरी विचारत होता, “घागरी घेऊन घरात मायपाशी काहून येऊन राहिल्या?”



“दोर आन गं,” एक बाई म्हणाली.