मागे न ओतलेलं पाणी

"ए बाबा, इथे पुरुषांना मज्जाव आहे!" फाटकावरची राखणदारीण उम्म सबाह कडाडली.

"मावशी, मी कुठे शिकायला आलोय? काच आणलीय."

मी नेमकी तेव्हाच फाटकात शिरत होते. त्याच्या छातीशी धरलेल्या बोचक्यातून काचेची लांब नळी डोकावत होती. माझ्या प्रयोगशाळेतली, गेल्या महिन्यात तडकलेली, मी बाजारात दुरुस्तीला धाडलेली... अगदी नव्यासारखी! मीच त्याला आत नेलं.

त्याचं नाव गझवान. बगदादच्या बाजारात चहाचे पेले फुंकणारा कारागीर. इराकवरच्या निर्बंधांची वर्षं होती ती. परदेशी काच सोडाच, साधी पेन्सिल मिळायची मारामार. आमचं मुलींचं विज्ञान महाविद्यालय कालपरवाचं. मुलांच्या शेजारी बसायला बापांनी कधीच पाठवलं नसतं अशा बावीस मुली, आणि त्यांना रसायनशास्त्र शिकवणारी मी. यंदा प्रात्यक्षिक परीक्षा झाली नाही तर शाखा बंद, असं विद्यापीठानं बजावलं होतं.

तो दर मंगळवारी यायचा. ज्योतीवर नळी धरून गाल फुगवायचा.

"मास्तरीणबाई, हसू नका. फुंकर चुकते."

"मी कुठे हसले?"

"डोळ्यांनी हसलात ना..."

काहीतरीच मेलं! पण पुढे मला नळ्या फुटाव्यात असंच वाटायला लागलं. एक तर, खरं सांगते, मी मुद्दाम हातातून सोडली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "सीमेपलीकडे अम्मानला काम मिळतंय. उद्या सकाळी गाडी आहे. तुम्ही... याल?"

"आणि माझ्या बावीस जणी?"

बराच वेळ तो नळीच पुसत राहिला. "मग मागे पाणी तरी ओता. म्हणजे परत येईन."

आमच्याकडे निघालेल्या माणसामागे पाणी ओततात, तो सुखरूप परतावा म्हणून.

सकाळी नळ कोरडे. सगळ्या मोहल्ल्यात थेंब नाही. होतं ते फक्त परीक्षेतल्या प्रयोगांसाठी वाफ थंडावून त्याच्याच नळीतून चार दिवस ठिबकलेलं शुद्ध पाणी, बावीस जणींना मोजून पुरेल एवढं. त्याला घेऊन अम्मानला निघालेली गाडी फाटकाबाहेर थांबली होती.

"अगं, ओंजळभर तरी ओत!" उम्म सबाह कळवळली.

ओंजळभर म्हणजे एका मुलीची परीक्षा. मी ओतलं नाही. तो मागे वळून कोरड्या रस्त्याकडे बघत राहिला... आणि गाडी निघाली.

बावीसही पास झाल्या. शाखा वाचली. गझवानची गाडी मात्र त्याच दुपारी वाळवंटातल्या रस्त्यावर उलटली. कुणीच वाचलं नाही.

आज इथे सहाशे मुली आहेत. ओंजळभर पाण्यानं गाडी सावरत नसते, एवढं विज्ञान मलाही कळतं. पण माझं प्रेम होतं हो त्याच्यावर, आणि ते त्याला सांगायचंच राहिलं. म्हणून दर परीक्षेच्या सकाळी मी चंबूभर शुद्ध पाणी फाटकाबाहेर ओतते.

यंदा एका मुलीनं पाहिलं. "बाई, कुणी गावाला गेलंय?"

"हो."

"कधी येणार?"

"चल गं आत," मी म्हटलं, "परीक्षेची वेळ झाली."