कोऱ्या बाजूचा रुपया

नाण्यांतल्या छपाईच्या चुका ओळखणं हा माझा जुना छंद. मोबाईलवरच्या व्हिडिओवाल्यांनी त्याचा पार बाजार मांडलाय. 'चुकीचं नाणं आणा, पाच लाख न्या!' मग लोक रुपये ग्राइंडरवर घासून आणतात, आणि मी खोटं म्हटलं की माझ्यावरच डोळे वटारतात.

ओळखीतल्या सूर्यभानचा 'एक नाणं बघून जा' असा फोन आला म्हणून पारनेरहून परतताना त्याच्या वस्तीवर थांबलो. दिवस बुडालेला, लाईट गेलेली. घरात उदबत्तीचा वास कोंडला होता. कोपऱ्यात जमिनीवर दिवा आणि शेजारी पालथी पाटी. याची आई आदल्या दिवशी गेली, हे मला तिथं कळलं. आणि हा नाणं दाखवत होता!

भिंगातून पाहिलं. एका बाजूला सिंह, तर आकडा आणि साल असायची ती बाजू कोरी. घासल्याची खूण नाही, वजन पुरेपूर. टाकसाळीतलीच चूक. पण कडेला गुलाल होता.

"कुठं मिळालं?"

त्याची बायको रुपाली दारातून पुटपुटली, "आत्याबाईंच्या कपाळाला लावलेला रुपया हाय, भाऊ... सरणावर यांनी काढून घेतला."

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटत नाही? जन्मदात्या आईच्या कपाळावरचा? उद्या अस्थींबरोबर सोडून ये!"

"तिला काय करायचंय त्याचं? पाच लाख हायती, दादा!"

तेवढ्यात पाटी खरवडल्यासारखी वाजली. तिच्याखाली पीठ पसरलं होतं. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, ते आमच्याकडे त्यातल्या पावलांवरून बघतात. रुपालीनं पाटी उचलली.

पावलं नव्हती. पीठभर बोटं फिरली होती, अंधारात पडलेलं काही चाचपडावं तशी...

"आत्याबाई... शोधत्यात..." रुपाली म्हणाली.

"उंदीर असंल," म्हणत सूर्यभान दिव्यावर वाकला. उजेड त्याच्या कपाळावर पडला. तिथं रुपयाएवढा एक गोल उठला होता.

मी भिंग धरलं. दुसरं एखादं नाणं दाबलं असतं तर आकडा उलटा उमटला असता. हा सुलटा होता, कातडीतून वर आलेला. आकड्याखाली साल होतं.

पुढच्या वर्षाचं.