घाईत शिकलेले हात

"त्या पोराचे हात कुणीतरी बांधले होते. दोरीनं नाही. रोज 'बंद कर ते' एवढंच म्हणून. कुणी, ते मला विचारू नका. ज्यानं केलं त्याला ठाऊक आहे."

मामांनी सुरुवातच अशी केली. जेवणं उरकली होती आणि आम्ही भाचरं गच्चीवर अंधारात पसरलो होतो.

"कुठला पोरगा, मामा?"

"आधी बाई तर येऊ दे! मी छापखान्यात होतो तेव्हा बाइंडिंगला एक बाई होती. जिभेला अशी धार, की मालकही तिच्या वाटेला जायचा नाही. आम्ही तिला ठिणगी म्हणायचो. चाळिशीला हिला ढोलक शिकायची हुक्की आली. भाऊ म्हणाला, 'या वयात? लोक हसतील.' ही म्हणाली, 'हसू देत. तालात हसले तर साथ करीन.'

"शिकायची घरीच, उशीवर. उशीचा आवाज होत नाही, म्हणून शेजारी खूश. पण उशी खोटं बोलते. हात पळाला तरी कळू देत नाही. एका वाद्यवृंदात वाजवून दाखवायला गेली, तर तिथले वस्ताद म्हणाले, 'हात गोड आहे, पण पळतेस. सोमवारी ये. धीमा ताल शेवटपर्यंत धीमा राहिला तर घेतो. नाही राहिला तर उशीच वाजव.'

"म्हणून शनिवारी संध्याकाळी ती खरं ढोलक आणायला गेली. जुनंच, एका म्हाताऱ्यानं विकायला काढलेलं. त्यानं ते कपाटावरून खाली घेतलं. म्हणाला, 'मुलाचं होतं. आम्ही बाहेर गेलो की वाजवायचा. फाटक वाजलं की थांबायचा.'

"'आता कुठं असतो?'

"म्हातारा म्हणाला, 'नसतो.'

"तारीख सांगतो. सोळा नोव्हेंबर, शनिवार. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. भाऊ-वहिनी परगावी. ही खोलीत एकटी. ढोलक मांडीशी घेतलं आणि सुरू केलं. एक... दोन... तीन... चार. अगदी सावकाश."

"दिवा गेला असेल!" आमच्यातला एकजण म्हणाला.

"दिवा चांगला लख्ख होता, शहाण्या. भुताला काय अंधार लागतो?

"थोड्या वेळानं तिला दुसरी थाप ऐकू आली. बारीक. वाटलं, भिंतीवरून आवाज परत येतोय. मग तिच्या लक्षात आलं... परत येणारा आवाज मागून येतो. हा तिच्या आधी येत होता.

"ढोलकाच्या आतून.

"हात त्याच्यामागे ओढले गेले. आधी जरा. मग जास्त. थांबवता येईनात. हात तिचे, घाई दुसऱ्याची. तळवे लाल झाले. आणि बाहेर फाटक वाजलं.

"आतली थाप बंद.

"तिनं खिडकीतून पाहिलं. कुणी नव्हतं... वारा होता.

"पुन्हा बसली. पुन्हा तेच. पुन्हा पळापळ. पुन्हा फाटक.

"पुन्हा गप्प.

"तुम्ही असता तर ढोलक तिथंच टाकून पळाला असता. मीही पळालो असतो. ती उठली. घाबरली होती, हे तिनंच मला सांगितलं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. बाइंडिंगचा जाड दोरा घेतला, बाहेर गेली, फाटक सताड उघडून खांबाला बांधलं. दार उघडं टाकलं. खिडक्या उघड्या टाकल्या. येऊन ढोलकाला म्हणाली, 'आता वाजायला फाटकच नाही. आणि आलंच कुणी, तर आपण थांबायचं नाही. कळलं?'

"एक... दोन... आतला पळत होता. ही म्हणाली, 'पळ तू. मी नाही पळणार.'

"आणि दारात खरंच माणूस आला. शेजारचा, डोळे चोळत. ओरडला, 'बंद कर ते!'

"आतली थाप... मेली.

"खोलीत फक्त तिचा हात. शेजाऱ्याकडे बघत, धिम्या लयीत. एक. दोन. तीन. चार. तो म्हणाला, 'ऐकू येत नाही का?' ती म्हणाली, 'येतंय. भाऊसाहेब, आयुष्यभर उशीवर वाजवायला मी जन्मले नाही. उद्यापासून दिवसाच वाजवीन, पण आज थांबणार नाही.'

"एक.

"दोन.

"आणि तीनला तिनं हात उचललाच नाही. मुद्दाम.

"थाप पडली.

"सावकाश. नेमकी जागेवर. शेजाऱ्यानंही ऐकली. तिचे दोन्ही हात त्याच्या डोळ्यांसमोर मांडीवर होते... तो आल्या पावली निघून गेला.

"पहाटेपर्यंत दोघं वाजवत होते."

खाली कुठंतरी नळ गळत होता.

"सोमवारी वस्तादांनी घेतलं तिला," मामा म्हणाले. "खूप वर्षं वाजवलं तिनं. मध्ये एकदा ढोलकाचं कातडं फाटलं, नवीन चढवलं. तेही लवकरच गेलं. तेव्हा दुरुस्तीवाल्याकडे मीच सोबत गेलो होतो. त्यानं कातडं उतरवलं, उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग आमच्याकडे न बघताच म्हणाला,

"'बाई, वरून हे अजून कोरं आहे. झिजलंय ते आतून.'"