सूप भरायच्या आत

भूत म्हटलं की मला आधी त्याचा ताप मोजावासा वाटतो. निपाणीत दवाखाना चालवायचा तर एवढं निबर व्हावंच लागतं. तेव्हा ऐका, आणि हसायचं तर खुशाल हसा.

त्या दुपारी मी नेहमीसारखी वॉर्डात गेले. दीपंकरचा टायफॉईड उतरायचं नाव घेत नव्हता. बेळगावात बँकेत नोकरीला लागलेला पोरगा, पार वाळून गेला होता. त्यात खोकला.

"तंबाखूचा असंल," त्याची आई तानीबाई म्हणाली.

आमच्याकडे कुठल्याही खोकल्याचं खापर तंबाखूवर फुटतं. हंगाम होता, हवेत ती तिखट भुकटी तरंगत होती. पडद्यातून पिवळं ऊन येत होतं आणि सगळा वॉर्ड पेंगत होता.

दीपंकरची बोटं चादरीवर हलत होती. टायफॉईडच्या ग्लानीत रोगी असे चाळे करतात, हे मी तानीबाईंना समजावलं.

"न्हाय, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "विडी वळतोय त्यो... डाव्या हातानं. माझी सासू मांडीवर सूप घिऊन अशीच विड्या वळायची. अशाच तापात खोकत गेली ती. ह्याला मी विडीच्या पानाला कधी हात लावू दिला न्हाय."

दीपंकर डोळे मिटूनच पुटपुटला, "आजी म्हणतीया... सूप भरलं की जाऊया..."

मी त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे, खाली, श्वासाचा आवाजच नव्हता. एक्स-रेत तो भाग पांढराफटक. सोनोग्राफीत दिसलं, फुफ्फुसाभोवती पू साचला होता. टायफॉईड क्वचित तिथंही उतरतो. मी बरगड्यांमधून नळी घातली, पू तपासायला पाठवला, इंजेक्शनं बदलली.

तेवढ्यात तानीबाईंनी स्टूल ओढलं. जन्मभर विडी कारखान्यात त्यांच्या कितीतरी विड्या 'छाट', म्हणजे खराब, म्हणून बाजूला टाकल्या गेल्या होत्या. आता त्या दीपंकरच्या छातीवरून न दिसणारं काहीतरी उचलून जमिनीवर टाकू लागल्या.

"ही छाट... ही बी छाट... सूप भरू द्यायचं न्हाय..."

मी अडवलं नाही. नळीतून पू येत राहिला आणि तानीबाई छाट काढत राहिल्या. त्यांचा डोळा लागला की पोराचा ऑक्सिजन उतरायचा. मशीनवर मी स्वतः पाहिलंय.

हळूहळू ताप गेला. नळी निघाली. दीपंकर आपल्या पायांनी जिना उतरला, तेव्हा मला रडू आलं. तानीबाई मात्र रिकाम्या खाटेपाशीच बसून होत्या. हात चालूच.

"तानीबाई, खाली रिक्षा थांबलीय. पोरगा बरा झाला."

"व्हय, मॅडम... पण ती अजून वळतीया."

दारात स्ट्रेचर आलं होतं. तापानं फणफणलेली कोवळी पोर, याच खाटेसाठी. तानीबाई उठल्या, पदर सावरला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी हसून उडवायला हवं होतं.

मी बसले.