दूताला स्वतःचं मत नसतं

नागपूरच्या संमतिदूत केंद्रात प्राध्यापक शर्मिष्ठा पांढरीपांडे आल्या की त्यांना कुणी खुर्ची देत नसे. त्या बसायच्याच नाहीत. आजही तपासणी कक्षात येरझाऱ्या घालून झाल्यावर त्यांनी मुख्य अभियंता लांजेवारांच्या टेबलावर पर्स आपटली.

"लांजेवार, माझा दूत बिघडलाय. आणि उद्या दिल्लीची समिती मला विचारणार आहे, दूत कधी बिघडतो का म्हणून. काय सांगू मी त्यांना?"

संमतिदूत म्हणजे माणसाच्या वतीनं हो-नाही म्हणणारी आज्ञावली. दुकानं, दवाखाने, बँका उठल्यासुटल्या 'तुमची ही माहिती घेऊ का' असं विचारायला लागल्या, तेव्हा लोक न वाचताच 'हो'वर बोट टेकवून मोकळे होत. शर्मिष्ठाबाईंनी कायद्याच्या वर्गात या सवयीवर वर्षानुवर्षं आग पाखडली, खासगीपणावर दोन जाडजूड ग्रंथ लिहिले आणि अखेर दूताच्या कायद्याचा मसुदाही स्वतःच केला. तो लागू होऊन अजून वर्षही झालं नव्हतं, तोच कंपन्यांनी ओरड सुरू केली की हे दूत मनाला येईल तसा नकार देतात, कायदा रद्द करा. असा एक जरी दूत सापडला असता, तरी बाईंचं सगळं केलंसवरलं पाण्यात गेलं असतं. आणि तो खुद्द बाईंचाच निघावा!

"केलं काय त्यानं?" लांजेवारांनी विचारलं.

"वर्तमानपत्रवाल्यांना हवं होतं, शब्दकोडं सोडवायला मला किती वेळ लागतो ते. हा म्हणाला, नाही. विद्यापीठाला भाषेच्या अभ्यासासाठी माझ्या व्याख्यानांचं रेकॉर्डिंग हवं होतं. नाही! आमच्या किराणावाल्या सावजींनी विचारलं, एकच जिन्नस पुन्हा मागवलात तर आठवण करून देऊ का. त्यालाही नाही! घरात साखरेची पाकिटं ठेवायला जागा उरली नाही. त्या दुकानाचा घोळ मी निस्तरत बसू का?"

लांजेवारांनी संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला. तपासणीचा अहवाल तिथं आधीपासूनच उघडा होता.

"मी यायच्या आधीच तपासलात? कुणी सांगितलं तुम्हाला?"

लांजेवारांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "दूत ठणठणीत आहे, मॅडम. बाहेरून कुणी हात लावलेला नाही."

"मग मला न विचारता नकार कसा देतो?"

"कायदा काय म्हणतो?"

"मलाच शिकवा आता!" बाई उसळल्या. "दूताला स्वतःचं मत नसेल. मालकानं स्वतःच्या तोंडानं सूचना दिली असेल, तरच त्यानं हो किंवा नाही म्हणायचं. नसेल, तर मालकाला विचारायचं. आणि मी अशी सूचना दिलेलीच नाही. दिली असेल तर दाखवा!"

"दाखवता येत नाही."

"का?"

"कलम नऊ."

बाईंच्या येरझाऱ्या थांबल्या. कलम नऊ त्यांचं लाडकं. माणसाला स्वतःबद्दलची एखादी गोष्ट कळूनच घ्यायची नसेल, तर दूत ती जगापासून लपवील आणि त्याच्यापासूनही. केंद्रातल्या कुणी ती फोडली तर थेट तुरुंग. हे कलम बाईंना आईमुळे सुचलं होतं. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या वर्षांत आई त्यांनाच विचारायची, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" त्याआधीची वर्षं मात्र त्याहून वाईट होती, कारण तेव्हा आईला आपलं काय होतंय ते कळत होतं. ती रोज रडायची. ते रडणं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. स्वतःसाठी त्यांना हे कलम नको होतं. "मला सगळं कळायला हवं," असं त्या विद्यार्थ्यांना ठणकावून सांगत.

"बिघाडच असेल, लांजेवार," त्या म्हणाल्या. आवाजातला तोरा उतरला होता. "जाऊ दे तो कायदा. बिघाड आहे म्हणा."

"मॅडम, ते खोटं मला म्हणता येत नाही."

मग बाईंनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. कलमाला कलम जोडलं. दूत ठणठणीत आहे, म्हणजे सूचना आहे. सूचना आहे, म्हणजे ती त्यांच्याच तोंडची आहे. कायदाच वर्षाच्या आतला, म्हणजे सूचनाही तेवढीच ताजी. कोडं, बोलणं, साखर. या तिन्हींतून एकच गोष्ट मोजता येते.

"सूचना मी दिली," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि ती मला आठवत नाही."

लांजेवारांनी मान खाली घातली. कायद्यानं त्यांचं तोंड बांधलं होतं. डोळ्यांबद्दल त्यात काही म्हटलेलं नव्हतं, आणि ते भरून आले होते.

शर्मिष्ठाबाई खुर्ची ओढून बसल्या. त्या भयंकर घाबरल्या होत्या. तेवढ्यात पर्समधल्या फोनमधून दूताचा नम्र आवाज आला. "ही भेट तुमच्या नोंदींतून काढून टाकू का?"

बाईंनी उघड्या अहवालाकडे पाहिलं, मग लांजेवारांकडे. "याआधी मी कितीदा हो म्हणाले?"

लांजेवार खिडकीबाहेर बघत राहिले.

"या वेळी नको," बाई दूताला म्हणाल्या. "राहू दे. कलम नऊची माझी सूचना मी मागे घेते. उद्या समितीला सांगायचंय, दूत बिघडत नाही. पुरावा म्हणून तुलाच पुढे करीन. सगळ्यांना कळेल, कळू दे. सकाळी मला आठवण करून दे."

"कशाची आठवण करून देऊ?"

"या सगळ्याची. मी रडले तरी करून दे." त्यांनी पर्स उचलली, पण उठल्या नाहीत. "आणि त्या सावजींना हो म्हणून कळव."